पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : जीवदया आणि राजधर्म

मराठेशाहीच्या इतिहासात तलवार गाजविणारे वीर पुष्कळ झाले. मुलूख जिंकणारे सेनापती झाले, तसे मसलत चालविणारे मुत्सद्दीही झाले. परंतु ज्यांचे नाव घेताच प्रजेचे हात आपोआप जोडले जावेत, असे राज्यकर्ते बोटांवर मोजण्याइतकेच. त्यांत पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर ह्यांचे स्थान फार वरचे आहे. धनगराच्या कुळात जन्म घेऊन त्यांनी माळव्यासारख्या विस्तीर्ण प्रांताचा कारभार जवळजवळ अठ्ठावीस वर्षे सांभाळला, ही गोष्ट आपल्या ज्ञातिबांधवांना अभिमानाची वाटावी ह्यात नवल नाही. पण नुसत्या अभिमानाने थोरांचे ऋण फिटत नाही. त्यांच्या चरित्रातील तत्त्व समजून घेऊन ते आचरणात आणावे लागते.

बाईंनी बांधलेली देवळे आणि घाट सर्वांना ठाऊक आहेत. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत त्यांची नामावळी असते, आणि विद्यार्थीही ती पाठ म्हणून दाखवितात. त्याच धड्यात बहुधा शेवटी एखादे वाक्य असे असते की, पशुपक्ष्यांवरही त्यांची दया होती. एवढे बोलून धडा संपतो. वस्तुतः ह्या शेवटच्या वाक्यातच बाईंच्या राजधर्माचे मर्म साठविलेले आहे. सांप्रत सृष्टीचे रक्षण, पर्यावरण, वन्यजीवांचे संवर्धन हे शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. अशा वेळी त्या मर्माची उकल करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी ह्या गावी झाला, असे मानले जाते. हे गाव जामखेड तालुक्यात, ज्या जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्यानगर हे त्यांचेच नाव मिळाले आहे, त्या जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथवर येईतो हात आखडता घेतो. आड, विहीर, ओढा ह्यांना येथे केवढे मोल आहे, हे येथील लेकराला कोणी शिकवावे लागत नाही. घागरभर पाण्यासाठी आयाबायांची चाललेली पायपीट ते जन्मापासून पाहत असते. अशा कोरड्या मुलखात वाढलेल्या मुलीने पुढे उभ्या भारतवर्षात पाण्याची सोय करावी, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

त्यांचे श्वशुर सुभेदार मल्हारराव होळकर ह्यांचा जन्म इ.स. १६९३ मध्ये नीरा नदीकाठच्या होळ गावी झाला. लहानपणीच पितृछत्र हरपल्याने त्यांच्या मातोश्री त्यांना घेऊन खानदेशात तळोदे येथे आपले बंधू भोजराज बारगळ ह्यांच्या आश्रयास गेल्या. तेथे मल्हाररावांनी मामांची मेंढरे राखली. हाती काठी, खांद्यावर घोंगडी आणि पुढे मेंढरांचा खांडवा, असे ज्याचे बालपण गेले, तो पुढे पेशवाईचा आधारस्तंभ झाला. मेंढपाळाला गवताची, पाण्याची आणि आभाळाची भाषा समजावी लागते. ही समज होळकरांच्या घरात पिढीजात होती.

इ.स. १७३३ च्या सुमारास मल्हाररावांचे पुत्र खंडेराव ह्यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह झाला. सासूबाई गौतमाबाई ह्या करारी आणि व्यवहारदक्ष होत्या. त्यांच्या नावे इ.स. १७३४ मध्ये पेशव्यांनी खासगीची जहागीर दिली होती. दौलतीचा, म्हणजे सरकारी वसुलाचा हिशेब निराळा आणि खासगीचा निराळा, ही शिस्त सून सासूच्या हाताखाली शिकली. मल्हाररावांनीही सुनेला लिहिणे, वाचणे आणि कारभार शिकविला. ते मोहिमेवर असता तोफखाना आणि दारूगोळा ह्यांच्या व्यवस्थेविषयी तिला पत्रे लिहीत, एवढा त्यांचा तिच्यावर विश्वास होता.

परंतु दैवाने त्यांच्या सुखावर लवकरच घाला घातला. इ.स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या, तेव्हा वृद्ध मल्हाररावांनी त्यांची विनवणी केली की, आता मुलगा तूच आहेस, ह्या राज्याला आणि ह्या म्हाताऱ्याला टाकून जाऊ नकोस. बाई थांबल्या. इ.स. १७६६ मध्ये मल्हाररावांचेही देहावसान झाले. बाईंचे पुत्र मालेराव गादीवर बसले, पण वर्षभरातच, इ.स. १७६७ मध्ये, तेही मृत्यू पावले. पती, श्वशुर आणि पुत्र गेल्यावर दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरिला. राघोबादादा फौज घेऊन माळव्यावर चालून आले. बाईंनी धीर सोडला नाही. एका विधवा स्त्रीवर चालून येण्यात यश आले तरी कीर्ती नाही आणि अपयश आले तर मात्र तोंड दाखवावयास जागा नाही, अशा आशयाचा निरोप त्यांनी दादासाहेबांना धाडला, ही कथा सुप्रसिद्ध आहे. पुण्याहून थोरल्या माधवराव पेशव्यांनी बाईंचा पक्ष उचलून धरिला. फौजेचे आधिपत्य तुकोजी होळकर ह्यांच्याकडे आणि मुलकी कारभार बाईंकडे, अशी व्यवस्था ठरली. नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वर हे बाईंनी आपले राहण्याचे ठिकाण केले.

सत्ता हाती येताच बाईंनी एक गोष्ट केली, ती फार महत्त्वाची आहे. होळकरांच्या संचित द्रव्यावर त्यांनी विधिपूर्वक पाणी सोडून तुळशीपत्र ठेविले आणि ते धर्मकार्यासाठी अर्पण केले. तुळशीपत्र ठेवलेली वस्तू परत आपली म्हणता येत नाही. पुढे राघोबादादांनी त्या द्रव्याची मागणी केली, तेव्हा बाईंनी उलट कळविले की, आपण ब्राह्मण आहात, दान म्हणून संकल्पपूर्वक घेणार असाल तर देईन. अर्थात दादासाहेबांना ते मानवले नाही. येथे धर्म आणि राज्यव्यवहार ह्यांची कशी सांगड आहे, ते पाहण्यासारखे आहे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर बाईंनी एक कायम निधी उभारला आणि त्याला कायद्याच्या कुलुपाऐवजी तुळशीच्या पानाचे कुलूप घातले.

बाईंची दिनचर्या अत्यंत नेमाची होती. पहाटे तासभर आधी उठून स्नानसंध्या, पुराणश्रवण, दानधर्म आणि अन्नदान, त्यानंतर स्वतःचे साधे, शाकाहारी भोजन. थोड्या विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात येत, त्या सायंकाळपर्यंत फिर्यादी ऐकत. पुन्हा पूजा, अल्पाहार आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत कागदपत्रे. ही माहिती आपल्याला सर जॉन माल्कम ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या ग्रंथातून मिळते. होळकरांच्या पराभवानंतर इ.स. १८१८ पासून तो माळव्यात होता. बाईंना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. निरनिराळ्या थरांतील लोकांकडे चौकशी करून त्याने इ.स. १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तान्तात बाईंचे चरित्र लिहिले. जिंकणाऱ्या पक्षाच्या माणसाने जितलेल्या घराण्यातील स्त्रीचे केलेले हे गुणवर्णन आहे. ह्यामुळे त्याच्या साक्षीला विशेष मोल आहे.

आता बाईंच्या धर्मकार्याकडे वळू. आपल्या शास्त्रकारांनी धर्मकृत्यांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञ, होम इत्यादी वैदिक कर्मे म्हणजे इष्ट. विहिरी, बारवा आणि तळी खोदणे, देवालये बांधणे, अन्नदान करणे, बागा व झाडे लावणे हे पूर्त. वैदिक इष्टाचा अधिकार मोजक्या वर्णांपुरताच ठेवलेला होता. पूर्ताचे दार मात्र स्त्रिया आणि शूद्र म्हणून गणलेले लोक ह्यांनाही मोकळे होते. ज्यांना वेदमंत्राचा अधिकार नाकारला, त्यांच्या हाती शास्त्राने कुदळ आणि पाण्याची घागर दिली, असे कोणी उपरोधाने म्हणेल. पण अहिल्याबाईंनी ह्याच दाराने प्रवेश करून असे काही कार्य केले की, त्यापुढे मोठमोठ्या यज्ञकर्त्यांची पुण्याई फिकी पडावी.

काशीविश्वनाथाचे मंदिर त्यांनी इ.स. १७८० च्या सुमारास उभारिले. सोमनाथाचे नवे मंदिर इ.स. १७८३ मध्ये आणि गयेचे विष्णुपद इ.स. १७८७ मध्ये सिद्ध झाले. ह्या यादीत देवळाजोडीने पाणी जवळजवळ सर्वत्र आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. काशीस मणिकर्णिका घाटाचे काम आहे. महेश्वरी नर्मदेच्या पात्रात उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची भव्य रांग आहे. आपल्या महाराष्ट्रात वेरूळ येथे घृष्णेश्वराच्या मंदिराबरोबर शिवालय तीर्थाचे सुंदर कुंड आहे. चारही बाजूंनी पायऱ्या, मधल्या टप्प्यावर लहान लहान देवळ्या आणि तळाशी पाणी अशी त्याची रचना आहे. जेजुरीस, कुलस्वामी खंडेरायाच्या पायथ्याशी, होळकरांचा तलाव आहे. विंध्याचा अवघड घाट चढून जाणारा जाम येथील रस्ता त्यांनीच करविला. तेथील दरवाजा इ.स. १७९१ चा आहे. उन्हाळ्यात रस्त्यारस्त्यांवर पाणपोयांवर माणसे नेमून वाटसरूंना पाणी देण्याची व्यवस्था असे. गंगेचे पाणी कावडींनी दक्षिणेतील देवस्थानांपर्यंत नेमाने पोहोचविले जाई. गंगा, नर्मदा आणि गोदावरी ह्या कोण्या एका प्रांताच्या नाहीत, ही भावना त्या कावडीबरोबर गावोगाव फिरत असे.

बारव आणि कुंड ह्यांची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. साध्या विहिरीचे पाणी दोर आणि घागर असेल त्यालाच मिळते. बारवेला पायऱ्या असतात. पाणी वर असो की तळाला जावो, रिकाम्या हातांनी आलेला वाटसरूही उतरून ओंजळ भरू शकतो. भोवतालच्या जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी दगडी चिऱ्यांच्या सांध्यांतून पाझरून आत येते. म्हणून बारव जिवंत ठेवावयाची, तर भोवतालची जमीन पाणी मुरू देणारी हवी, झाडे हवीत आणि वेळोवेळी गाळ काढावयास हवा. कोनाड्यात देव बसविलेला असतो. विहिरीच्या काठी साती आसरांची पूजा आपल्या बायका अद्याप करतात. ह्याला केवळ भोळा समज म्हणून हसू नये. जेथे देव आहे तेथे चूळ थुंकू नये, घाण टाकू नये, हा नियम पाळावयास पहारेकरी लागत नाही. पाण्याशी देव बसविणे ही पाण्याच्या रक्षणाची स्वस्त आणि टिकाऊ व्यवस्था होती. श्रद्धा टिकली तोवर ती चालली. श्रद्धा ओसरली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही, तेव्हा तीच बारव गावचा उकिरडा झाली.

आता ह्या लेखाच्या मुख्य विषयाकडे येतो. गृहस्थाने रोज करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ म्हणून एक आहे. अन्न शिजले की त्यातील थोडे मुक्या प्राण्यांसाठी काढून ठेवावयाचे, हा तो यज्ञ. घराघरांत गोग्रास आणि काकबळी ह्या रूपाने तो चालत आला. बाईंनी ह्या घरगुती नेमाला राज्यकारभाराचे रूप दिले. रानातील पशू, आकाशातील पक्षी आणि नदीतील मासे ह्यांच्यासाठी अन्नाचा वाटा त्यांनी नेमून दिला होता, असे माल्कम नमूद करतो. महेश्वराच्या आसपास भर उन्हात नांगर ओढणाऱ्या बैलांची जोडी बाईंचा माणूस थांबवी, त्यांना पाणी पाजी आणि मग पुढे जाऊ देई. ह्याहून विशेष म्हणजे बाईंनी काही शेते पिकांसह विकत घेऊन केवळ पाखरांसाठी मोकळी सोडली होती. तेथे थव्यांनी पाखरे उतरत. शेतकरी आपल्या शेतातून पाखरे हाकलतो ते योग्यच करतो, कारण त्या दाण्यांवर त्याचे पोट आहे, असे बाईंचे मत असल्याचेही माल्कमने नोंदविले आहे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. दया करणे सोपे असते, विशेषतः तिचा खर्च दुसऱ्याच्या पदरातून जात असेल तर फारच सोपे. बाई सत्ताधीश होत्या. पाखरांना कोणी हाकलू नये, हाकलील त्याला दंड होईल, असा हुकूम त्या सहज काढू शकल्या असत्या. त्या हुकुमाने पाखरे सुखी झाली असती, बाईंच्या दयेची कीर्ती झाली असती आणि कुणब्याचे पोर उपाशी झोपले असते. बाईंनी तसे केले नाही. पाखरांनाही भूक आहे आणि कुणब्यालाही भूक आहे, दोघांचेही खरे आहे, हे त्यांनी मान्य केले. मग मार्ग काय काढला? शेताची किंमत स्वतःच्या खासगीतून मोजली. मुक्या प्राण्यांवर दया करण्याचा भार गरिबाच्या माथी न मारता, ज्याच्या हाती खजिना आहे त्याने तो उचलावा, हे त्यांच्या राजधर्माचे सूत्र होय. बैलाला पाणी पाजण्यासाठीही त्यांनी शेतकऱ्याला दटावले नाही. पाणी घेऊन माणूसच धाडला.

हेच सूत्र त्यांनी भिल्लांच्या बाबतीत वापरले. विंध्य-सातपुड्याच्या डोंगरांत राहणारे भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी प्रसंगी कडक उपाय योजिले हे खरे. परंतु त्यांच्या डोंगरांतून जाणाऱ्या मालावर लहानशी भिलकवडी घेण्याचा त्यांचा जुना हक्क बाईंनी मान्य केला. त्याच्या मोबदल्यात आपापल्या हद्दीतील वाटेची राखण आणि चोरीच्या मालाचा शोध ही जबाबदारी त्यांच्या नाईकांवर सोपविली. पडीक जमीन लागवडीस आणण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. रानात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्याला रानाचा शत्रू न समजता रखवालदार समजावे, ही दृष्टी त्यामागे होती. बाईंनी जंगलरक्षणाचा कायदा केला, असा आमचा दावा नाही. आजच्या कल्पना जुन्या माणसांच्या तोंडी घालणे इतिहासाला धरून होणार नाही. पण कोणताही नियम करताना त्याची झळ कोणाला लागेल हे आधी पाहावे, ही बाईंची रीत मात्र कोणत्याही काळाला लागू पडणारी आहे.

बाईंच्या कारभारावर टीकाही झाली आहे. इतके द्रव्य दानधर्मात घातले, त्याऐवजी फौजेवर खर्च केले असते तर होळकरांची दौलत अधिक बळकट झाली असती, असे काही इतिहासकार म्हणतात. फौजेच्या खर्चावरून तुकोजींशी बाईंचे खटके उडत, हेही खरे. ह्या टीकेत तथ्य नाही असे कसे म्हणावे? परंतु बाईंच्या हयातीत माळव्यात जी शांतता नांदली, माफक साऱ्यामुळे रयत जशी स्थिरावली, इंदूरसारखे लहानसे गाव जसे शहर होऊ लागले आणि महेश्वरी विणकरांचे माग जसे चालू झाले, ते पाहता तो खर्च वाया गेला असे म्हणवत नाही. फौजेने राखलेल्या सरहद्दी पुढे पंचवीस वर्षांत बदलल्या. महेश्वराच्या घाटावर मात्र अद्याप लोक स्नानाला उतरतात, आणि तेथील मागांवरची लुगडी अद्याप विणली जातात.

बाईंचे उत्तरायुष्य दुःखात गेले. नातू नथोबा इ.स. १७९० मध्ये गेला. पाठोपाठ जावई यशवंतराव फणसे वारले आणि इ.स. १७९१ मध्ये एकुलती कन्या मुक्ताबाई सती गेली. जिने स्वतः चितेपासून पाऊल मागे घेऊन राज्य सांभाळले, तिला मुलीची मात्र मनधरणी करता आली नाही. नर्मदेच्या तीरावर तो प्रसंग त्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्यानंतरही नेम चुकला नाही, दरबार थांबला नाही, पाखरांची शेते बंद झाली नाहीत. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरी त्यांनी देह ठेविला.

बाईंना जाऊन सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली. त्यांच्या जन्मभूमीकडे आज पाहिले तर काय दिसते? चौंडीपासून फार दूर नसलेल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य झाले. माळरानावरील माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर ह्या जिल्ह्यांत मोठे अभयारण्य जाहीर झाले. हेतू उत्तम होता. परंतु त्या हद्दीत शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी आणि मेंढपाळांची जुनी चराऊ राने होती. त्यांच्यावर निर्बंध आले, कुरबुरी वाढल्या आणि पुढे अभयारण्याचे क्षेत्र पुष्कळच कमी करावे लागले. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. लोकही नाराज झाले आणि पक्षीही वाचला नाही. पाखरासाठी शेताची किंमत आधी मोजण्याची बाईंची रीत येथे स्मरली असती, तर कदाचित निराळे घडते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्या ज्ञातीला ह्या प्रश्नाची झळ रोज लागते. लांडगा मेंढरू उचलतो. १९७२ च्या कायद्याने लांडग्याला संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे, कारण माळरानाच्या संसारात त्यालाही जागा आहे. आपले जुने मेंढपाळ लांडग्याचाही वाटा असतो असे मानून चालत आले. शासन नुकसानभरपाई देते. पण आज ह्या शिवारात तर उद्या त्या शिवारात असा वाडा हलविणाऱ्या मेंढपाळाला परक्या तालुक्यात पंचनाम्याची खटपट कितीशी जमणार? मेंढरांनी रान उजाड होते, असा आरोप आपल्यावर सरसकट होतो. तो करणाऱ्यांनी शेतकऱ्याला विचारावे. सुगीनंतर रानात मेंढरे बसविण्यासाठी तो आपल्याला बोलावून नेतो, रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंड्यांनी आणि मुताने त्याच्या जमिनीला खत मिळते आणि त्याबद्दल तो धान्य देतो. एकाच जागी फार दिवस न राहता पुढे सरकत राहिले म्हणजे गवताला पुन्हा फुटण्यास उसंत मिळते, हे ज्ञान आपल्या पूर्वजांना होते. परंतु गायराने आणि कुरणे जसजशी नाहीशी होत आहेत, तसतसे उरलेल्या तुकड्यांवर कळपांची गर्दी होते आणि तेथील गवत खरोखरच संपते. हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. राखीव रान पाळावयाचे, पण त्याबरोबर चराईची सोय मागावयाची, अशी आपली भूमिका असावी. रान राखण्याला विरोध करणे हे अहिल्याबाईंचे नाव घेणाऱ्यांना शोभणार नाही, आणि रान राखण्याचा सारा भार भूमिहीन मेंढपाळावर टाकणे हे शासनाला शोभणार नाही.

नद्यांचीही तीच गत. बाई ज्या नर्मदेत माशांना अन्न घालीत, तिच्यावर आता मोठमोठी धरणे झाली आहेत. वाहत्या, खळाळत्या पाण्यात वाढणारा महाशीर मासा तेथे पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्याला मध्य प्रदेशाने राज्यमत्स्याचा मान दिला आहे. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहात हेच मासे देवीचे म्हणून कोणी मारीत नाही. भाविक त्यांना चुरमुरे घालतात. देवीच्या नावाने राखलेला एक डोह जे करू शकतो, ते पाहिले म्हणजे आपल्या धर्मपरंपरेत केवढे सामर्थ्य आहे हे कळते. मात्र त्याच परंपरेच्या नावाने आपण नदीत निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रंगविलेल्या मूर्ती टाकतो. महेश्वरी नदीकाठच्या मातीची शिवलिंगे करून, त्यांची पूजा करून ती पुन्हा नर्मदेतच विसर्जित करण्याची प्रथा बाईंच्या काळापासून चालत आली आहे. नदीची माती नदीला परत. आपल्या विसर्जनांत हा विवेक उरला आहे काय?

बाईंच्या नावाचा गौरव आता सर्वत्र होत आहे. १९९६ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळाले आणि २०२५ मध्ये त्रिशताब्दी जयंती साजरी झाली. मिरवणुका निघाल्या, पुतळे उभे राहिले. ह्या सर्वांचा आनंद आहेच. पण जयंतीच्या मिरवणुकीत गुलाल उधळून परतणाऱ्या आपल्या तरुणांच्या वाटेवर एखादी जुनी बारव कचऱ्याने भरलेली असते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. हे पाहून पुतळ्यातील बाईंना काय वाटेल?

म्हणून ज्ञातिबांधवांपुढे एक नम्र सूचना ठेवितो. बाईंची जयंती ३१ मे रोजी येते. मृग नक्षत्र तेथून अवघ्या आठवड्यावर असते. वर्षातील ह्याच दिवसांत विहिरी, बारवा आणि तळी तळाला गेलेली असतात, गाळ उघडा पडलेला असतो आणि पहिल्या पावसाआधी तो काढता येतो. जणू बाईंच्या जन्मतिथीनेच हे काम आपल्याला नेमून दिले आहे. प्रत्येक तालुक्यातील बांधवांनी जयंतीच्या वर्गणीतील काही भाग बाजूला काढावा, त्यावर मनोमन तुळशीपत्र ठेवावे आणि त्यातून एका बारवेचा किंवा तळ्याचा गाळ उपसावा. काढलेला गाळ गरजू शेतकऱ्याच्या रानात पसरावा. काठाला वड, पिंपळ आणि उंबर लावावेत आणि पहिली दोन-तीन वर्षे त्यांना पाणी घालण्याचे काम नावानिशी वाटून घ्यावे. काठाशी गुराढोरांसाठी आणि पाखरांसाठी दगडी कुंडी ठेवावी. ह्या कामासाठी कोणा गरिबाकडे सक्तीने काही मागू नये. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावे, हीच बाईंची रीत.

काशीचे मंदिर बांधण्याएवढे ऐश्वर्य आपल्यापैकी कोणापाशी नाही. परंतु बैलाला पाणी पाजावयास आणि पाखरासाठी मूठभर दाणे आपल्या पदरचे टाकावयास ऐश्वर्य लागत नाही. मल्हाररावांच्या हातातली मेंढपाळाची काठी आणि अहिल्याबाईंच्या हातातले शिवलिंग हे दोन्ही आपलेच वारसे आहेत. त्यांतून एकच शिकवण मिळते. जो जीव आपल्या आधाराने जगतो, त्याच्या अन्नपाण्याची चिंता आपण वाहावयाची आणि तिचा भार आपल्याहून दुबळ्यावर टाकावयाचा नाही. ही शिकवण आचरणात आणण्याची सद्बुद्धी श्रीखंडेराय आपणां सर्वांस देवो.